सारजाबाईचं उदक

मधल्या सुट्टीत नरहर सोवनी शिक्षकांच्या खोलीत बशीतला चहा फुंकत बसला होता. तेवढ्यात शिपायाने दारातून सांगितलं, की फाटकाशी कुणी पागोटेवाला उभा आहे, आत या म्हटलं तर येत नाही, आणि 'आमचे मास्तर' म्हणून तुमचं नाव घेतोय. नरहर चहा अर्धा टाकून बाहेर आला. चेहऱ्याची ओळख पटायच्या आत त्या माणसाने खांद्यावरचं घोंगडं खाली ठेवलं आणि सरळ त्याच्या पायांवर डोकं टेकलं. फाटकाशी बोरं घेणारी चाळीसेक पोरं, खिडकीत दोन-तीन सहकारी, सगळे बघत राहिले. सकाळपासूनची खडूची पूड नरहरच्या वहाणांवर सांडलेली होती. माणूस उठला तेव्हा ती त्याच्या कपाळाला लागून आली, आणि त्याने ती पुसली नाही.

"मी बहिरू, मुळशीचा. सारजाबाईचा भाचा," तो म्हणाला. "म्हातारी सुटंना, मास्तर. आज सहावा दिस. भुईवर घेतल्याली हाय, गंगा पाजून झाली, लेकी भेटून झाल्या, पर जीव जात न्हाई. तिच्या लेकानं, कोंडाजीनं सांगून धाडलंय, मास्तरास्नी घेऊनच ये. तुमी तुमच्या पुन्याईचं उदक सोडा. तुमीच राखल्याली हाय ती. तुमी सोडल्याबगर जानार कशी?"

मुळशीकडे ही रीत होती. मरणाऱ्याचा जीव अडकला, की ज्याच्या गाठी मोठं पुण्य आहे अशा माणसाला बोलावतात. बारा वर्षं एकादश्या केलेला, काशी करून आलेला, नाहीतर कुणाचा प्राण वाचवलेला. तो उशाशी बसतो, तळहातावर पाणी आणि तुळशीचं पान घेतो, पुण्याचं नाव मोठ्याने उच्चारतो आणि 'हे तुला दिलं' म्हणून पाणी सोडतो. मग अडकलेला जीव त्या पुण्याचा हात धरून निघतो. नरहर तिथे मास्तर होता तेव्हा त्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. बैलाने पोटात शिंग घातलेला गडी तीन दिवस तडफडत होता, आणि कुणा म्हातारीने आपली एक आषाढी त्याला दिल्यावर अर्ध्या तासात गेला. तेव्हा नरहरने मित्राला लिहिलेल्या पत्रात यावर बरीच थट्टा केली होती. आता फाटकाशी उभं राहून त्याला थट्टेतलं एकही वाक्य आठवेना.

आणि खरं सांगायचं तर त्याला आधी बरं वाटलं. बहिरूचा आवाज खणखणीत होता, पुण्याई हा शब्द खिडकीपर्यंत स्पष्ट गेला होता, आणि चित्रकलेचे ढवळे तोंडातली सुपारी चघळायची थांबले होते. बारा वर्षांनीही आपल्याला तिथे विसरलेले नाहीत. हे बरं वाटणं पाण्याच्या घोटासारखं घशातून खाली उतरलं, आणि पोटात पोचताच त्याची भीती झाली. कुठलं पुण्य? काय सोडायचं त्या तळहातावरून? हेडमास्तरांकडे रजा मागताना त्याचा आवाज कापत होता. हेडमास्तरांना तो गहिवर वाटला. "जा, सोवनी, जा," ते म्हणाले, "अशा कामाला नाही म्हणू नये." घरी शाल घ्यायला गेला तर बायको सिंधू भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "तुम्ही जाणारच. कुणी देव म्हटलं की तुम्हाला घरात करमत नाही." ती हे हसूनच म्हणाली होती, पण चोराच्या मनात चांदणं. एसटी कर्वे रस्ता सोडून पौडाच्या रस्त्याला लागेपर्यंत ते हसणं त्याच्या कानातून जाईना.

बहिरू शेजारी बसून शेंगा सोलत होता आणि दाणे नरहरच्या हातावर ठेवत होता. कंडक्टरला त्याने ओरडून सांगून टाकलं की हे पटकीतले मास्तर. कंडक्टरही मुळशी खोऱ्यातलाच निघाला. त्याने तिकिटाचा पंच कपाळाला लावल्यासारखं केलं. पटकीतले मास्तर. हे नाव नरहरला मुळशीत पटकी आली त्या साली पडलं, आणि त्या नावावर तो आजवर जगत आला होता. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मुळशीच्या शाळेत एकटा मास्तर, देवळाच्या ओवरीत राहायचा, स्टोव्हवर भात शिजवायचा आणि बी.ए.ला बसायचा. तिसऱ्यांदा नापास झाला तेव्हा वडिलांचं कार्ड आलं. पाकीट नाही, उघडं कार्ड, पोस्टमनपासून पाटलापर्यंत कुणीही वाचावं असं. वर श्री, खाली एकच ओळ: 'तुझी वाट पाहणे आम्ही आजपासून सोडले आहे.' खाली सही, पूर्ण, आडनावासकट. नरहरने ते कार्ड दोन दिवस सदऱ्याच्या खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी गावात पटकी आली. माणसं उलट्या-जुलाबांनी पटापट जाऊ लागली, तसं गाव नेहमीच्या रीतीने उठलं आणि डोंगराच्या अंगाला झोपड्या घालून राहायला गेलं. सारजाबाईच्या घरात नवरा भिकू पहिल्याच रात्री गेला. ती आणि तिचा विशीतला मुलगा कोंडाजी दोघंही पडून होते. त्यांना उचलून न्यायला कुणी तयार होईना, आणि कुणाला दोष देण्यासारखी ती वेळही नव्हती. सगळे वर चढत होते तेव्हा नरहर मास्तर एकटा खाली उतरला, त्या घरात शिरला आणि तीन दिवस, तीन रात्री बाहेर आला नाही.

गावाने पाहिलं ते एवढंच. पण तो त्या घरात कशासाठी शिरला होता, ते फक्त नरहरला ठाऊक होतं. तो मरायला शिरला होता. तेही धड मरायला नाही. त्याला वडिलांकडे तार जायला हवी होती. तार हातात घेऊन उभे असलेले वडील त्याने त्या उतारावरून खाली येताना इतके स्वच्छ पाहिले होते, की त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती तीसुद्धा दिसली. ते मटकन ओसरीवर बसतील, आई आतून येईल, आणि मग त्यांना आपली ती ओळ आठवेल. बाप रडावा, एवढीच त्याची इच्छा होती. सेवा-बिवा त्याच्या स्वप्नातही नव्हती. घरात शिरल्यावर मात्र घोटाळा झाला. मरण येईपर्यंत नुसतं बसून राहवेना. सारजाबाई पाणी मागत होती. लोकल बोर्डाचं छापील पत्रक शाळेत आलेलं होतं, पाणी उकळून, मीठ घालून द्यावं असं त्यात होतं, म्हणून त्याने चूल पेटवली. गूळ सापडला तो त्यात टाकला, तांदळाची पेज केली, चमच्या-चमच्याने पाजत राहिला. घाण उपसली, चिंध्या जाळल्या. आणि हात न धुता जेवला, मुद्दाम. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. तिसऱ्या दिवशी कोंडाजी उठून बसला, सारजाबाईने डोळे उघडले, आणि नरहरच्या पोटात साधी कळसुद्धा आली नाही.

मग सगळं आपोआप होत गेलं. पुण्याच्या एका साप्ताहिकात चार ओळी आल्या. वडील मुळशीला आले, भर चावडीत त्यांनी त्याला मिठी मारली आणि ते खरोखर रडले, पण अभिमानाने. त्या रडण्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने त्यांच्या खांद्यावर तोंड लपवलं. ते पाहून गाव रडलं. चौथ्यांदा तो पास झाला. पेठेतल्या शाळेत नोकरी लागली ती त्या चार ओळींच्या कात्रणावर, सिंधूच्या वडिलांनी मुलगी दिली तीही त्यावरच. वडील सत्तावन्न साली गेले. जाण्याआधी आठ दिवस शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्या नरहरने दोन जीव वाचवले हो." त्या वेळी नरहर खाटेच्या पायथ्याशी उभा होता. ओठांवर आलेली ती गोष्ट त्याने तेव्हा गिळली ती गिळलीच. पानशेतच्या पुरात शाळेने कपडे वाटायची समिती केली तर प्रमुख म्हणून त्याचंच नाव पुढे आलं. तेव्हा तो चार दिवस चिखलात राबला, आणि चारही दिवस स्वतःकडे टक लावून पाहत होता: हे चादर देणारे हात कुणाचे, आणि समोरचा हात जोडतो तेव्हा आत हलतं ते काय? उत्तर मिळालं नाही. चांगलं करतो ते खोटं असतं, आणि न करावं तर लोक करायला लावतात, असं त्याचं जगणं होऊन बसलं होतं.

पिरंगुट गेलं, पौड गेलं. गाडीत माणसं कमी आणि थंडी जास्त झाली. माघातलं ऊन लौकर उतरत होतं. नरहर शाल आवळून एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होता. पाणी सोडलं आणि म्हातारी गेली नाही, तर सगळ्यांना कळणार की मास्तरचं पुण्य पोकळ होतं. इथे कळलं की शाळेपर्यंत पोचायला बहिरूचा एक खणखणीत आवाज पुरे. आणि पाणी सोडलं नि ती गेली, तर? तर तो योगायोग, असं तो स्वतःला सांगायचा, पण लगेच पुढचा विचार यायचा, की नसलेल्या पुण्याचा हात धरून निघालेला जीव वाटेत कुठे राहील? पुण्यावर त्याचा विश्वास नव्हता. खोट्या पुण्यावर मात्र होता. "बहिरू," त्याने न राहवून विचारलं, "ज्याचं पुण्य खोटं निघालं असं कधी झालंय का?" बहिरूने शेंग फोडली. "झालंय न्हवं. वांद्र्याकडं एकानं न केल्याली काशी दिली. मेल्यालं माणूस तीन वर्सं त्याच्याच परसात फिरत व्हतं," तो म्हणाला आणि दाणे नरहरच्या हातावर ठेवले. नरहरने ते खाल्ले नाहीत, मुठीत धरून ठेवले. उतरताना पाहिलं तर ते घामाने ओले झाले होते.

सारजाबाईचं घर धरणाच्या पाण्यापासून शंभर पावलांवर होतं. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भावकी, सोयरे, घोटावड्याला दिलेली लेक राजाबाई, उरवड्याला दिलेली धाकटी, त्यांची पोरं, सगळे सहा दिवस मुक्कामाला. गोठ्यामागे तिरडीचे कळक तोडून ठेवलेले होते. कुणा अतिशहाण्याने घाईने तोडले असावेत. ते आता वाळून पिवळे पडले होते, आणि जाणारा-येणारा त्यांच्याकडे न पाहता वळसा घालत होता. कोंडाजी पुढे आला. तिशी उलटलेला धिप्पाड गडी, पण सहा दिवसांत डोळे आत गेलेले. त्याने नरहरचे दोन्ही हात धरले. "लई हाल व्हत्यात तिचं," तो म्हणाला. "डोळं उगडी ठिवून बघत राहती. मला बघवंना, मास्तर. सोडवा तिला." हा माणूस आईवर जीव टाकणारा होता, हे कुणालाही दिसलं असतं. त्याची बायको चंद्राबाई दाराशी तांब्या घेऊन उभी होती. चुलता कोंडिबा, सत्तरीपुढचा, रीतभात जाणणारा, ओसरीवर घोंगडी टाकून बसलेला होता. त्याने सगळं सांगितलं. ताप आला, दोन दिवस शुद्ध नव्हती, नाडी लागेना, म्हणून बाजेवरून भुईवर घेतली. एकदा भुईवर घेतलं की पुन्हा बाजेवर घेत नाहीत, अन्नही नाही, ओठांना गंगा लावायची तेवढी. "तिसऱ्या दिशी शुद्धीवर आली आन् भाकर मागितली. म्हनलं झालं, मरनाची भूक लागली. इजायच्या आदी वात मोठी व्हती तसं असतंय ते. तुकडा दिला. तरी जाईना. मंग पांघराय कुनाचंतरी लुगडं मागितलं, मंग म्हशीला इचारलं. वासना अडकलीया समदी. तुमचं पुन्य मोठं हाय, मास्तर, उरकून टाका. आन् नाव घ्याल तवा निस्काम म्हना. निस्काम केल्यालं असल्याबगर लागू व्हत न्हाई."

निष्काम. चंद्राबाईने नरहरच्या उजव्या तळहातावर तुळशीचं पान ठेवलं, पाणी ओतलं. तो उंबरा ओलांडून आत गेला आणि तिथेच त्याला एकदम वाटलं, की हे सगळ्यांसमोर आपल्याच्याने होणार नाही. "मला थोडा वेळ एकट्याला बसू द्या तिच्याजवळ," तो म्हणाला. आतल्या बाया पदर सावरत उठल्या. बाहेर कोंडिबा कुणाला तरी सांगत होता, की बसू द्या, देवमाणसाचं असतंय कायतरी.

आत दिवा होता. शेणाने सारवलेल्या भुईवर एकच गोधडी, तीवर सारजाबाई. केस पांढरे झालेले, गाल बसलेले, पण डोळे तेच, पटकीत त्याच्या चमच्याकडे बघणारे. जमिनीचा गारठा त्याला गुडघ्यांतून वर चढताना जाणवला. तो बसला, आणि बसता बसता त्याच्या तळहातावरचं पाणी बोटांतून गळून गेलं. पान तेवढं उरलं. त्याला रडू आलं. मरणाऱ्यापाशी तरी खरं बोलावं, नाहीतर मग कुणापाशी? बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात तो बोलू लागला. ते कार्ड, ती ओळ, वडील, तार. "मी तुम्हाला वाचवायला आलो नव्हतो, मावशी. मी मरायला आलो होतो. तुमच्या उष्ट्या वाटीतलं पाणी प्यायलो, का तर मला लागण व्हावी म्हणून. बापाला रडवायचं होतं मला. माझ्याजवळ पुण्य नाही. काय देऊ मी तुम्हाला?" बारा वर्षं साठलेलं तो ओकत होता. बोलताना त्याचं अंग हलकं होत होतं, आणि हलकं होतंय हेही त्याला कळत होतं.

सारजाबाईने डोळे त्याच्याकडे वळवले. "झालं तुजं?" ती म्हणाली.

आवाज बारीक होता, पण मरणाऱ्याचा नव्हता. नरहर दचकला.

"झालं आसंल तर आता माजं आयक. मला भूक लागलीया."

त्याच्या मनात कोंडिबाचे शब्द आले, वातीचे, आणि ते त्याच्या तोंडावरही उमटले असावेत. कारण सारजाबाईने ओठ आवळले. "तू बी तसाच बघाय लागलास. मरनाची न्हाई, लेकरा, पोटाची. दोन दिस मला सुद नव्हती ते खरं. डोळं उगडलं तर भुईवर. ताप उतरल्याला. भाकर मागितली तर समदी रडाय लागली. म्हशीला चारा घातला का इचारलं तर राजी हुंदकं द्याय लागली. काय बी मागितलं की ह्यास्नी वाटतंय म्हातारी निघाली."

"मग सांगत का नाही तुम्ही? मी बरी झालेय म्हणून?"

"कसं सांगू? लेकी संसार टाकून आल्यात. भावकीची कामं खोळंबल्यात. माज्या कोंड्यानं सहा दिस अन्न गोड मानलं न्हाई. मागं कळक तोडल्यालं आयकलं मी हितं पडून. एवडं समदं जमल्यावर मी न्हाई जात म्हनायचं? लाज वाटती, बाबा. एकदा वाटलं, ऱ्हाऊ दे, जावं. पर जाता येतं व्हय असं?" तिचा हात गोधडीखालून निघाला आणि त्याच्या मनगटावर आला. हात बर्फासारखा गार होता. "गारठ्यानं आज न्हाई तर उद्या मरनारच हाय मी. तू पुन्य द्यायची गरज न्हाई."

नरहरच्या अंगात एकदम बळ आलं. बाहेर जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. माझं पुण्य खोटं आहे, उदक सोडून काही होणार नाही, उठा, घरी जा. खरं बोलायला यापेक्षा चांगलं कारण त्याला उभ्या जन्मात मिळालं नसतं. खरंही बोलल्यासारखं होईल आणि हिचा जीवही वाचेल. "मी आत्ता सांगतो सगळ्यांना," तो अर्धवट उठत म्हणाला. "माझ्याजवळ पुण्यच नाही म्हणून सांगतो."

मनगटावरची बोटं आवळली. "आन् मंग? घोटावड्यास्नं बुवा आनतील. बारा वर्सं एकादशी केल्याला हाय. त्याचं खरं आसंल." तिला दम लागला होता. ती थांबली आणि मग सावकाश म्हणाली, "तुजं खोटं हाय हे सांगून तुला बरं वाटंल, मास्तर. मला पेज कोन दील?"

नरहर तसाच अवघडून राहिला. बाहेर कुणीतरी खोकलं, पोर रडलं, कुणी त्याला दाबलं. आत हे एवढं एक वाक्य. तिला त्याच्या कार्डाचं, बापाचं, मरणाच्या हौसेचं काहीच पडलेलं नव्हतं. बारा वर्षं ज्या गोष्टीने त्याची झोप पोखरली ती ऐकून तिने 'झालं तुजं' एवढंच विचारलं होतं. त्याला राग आला. मग त्या रागाचीच भीती वाटली, कारण तो पेजेसाठी ताटकळणाऱ्या बाईवर आला होता. "देवमानूस म्हनत्यात तुला," ती म्हणत होती. "तुजं आयकतील. दुसऱ्या कुनाचं न्हाई आयकायची." म्हणजे ते नाव ठेवायचं. नुसतं ठेवायचं नाही, वर चढवायचं. ज्याच्यातून सुटायला तो आज प्रथमच इतका जवळ आला होता, ते पुन्हा आपल्याच हाताने अंगावर घ्यायचं, आणि आता कायमचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आपण हिच्यासाठी करतोय की देवमाणूस राहायला मिळतंय म्हणून, हे आता कधीच कळणार नव्हतं. कळलं तरी सांगायला कुणी नव्हतं. सारजाबाईची बोटं अजून मनगटावर होती. त्याने ती हलकेच सोडवली, गोधडीत घातली आणि दार उघडलं.

"पाणी द्या," तो म्हणाला. चंद्राबाईने तांब्या पुढे केला. सगळे उठून उभे राहिले. दारातून सारजाबाई दिसेल अशा बेताने तो उंबऱ्याशी बसला, तळहातावर पाणी घेतलं, ते गळू नये म्हणून बोटं घट्ट मिटली. कोंडाजीने हात जोडले होते. नरहरने मोठ्याने, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायच्या आवाजात म्हटलं, "पटकीच्या साली मी या घरात तीन दिवस, तीन रात्री सेवा केली." तो थांबला. ओसरीवरून कोंडिबाने मान पुढे केली. "निष्काम केली," नरहर म्हणाला. जीभ अडखळली नाही, याचंच त्याला भय वाटलं. "त्याचं सगळं पुण्य मी सारजाबाईला देतो. जायला नाही. राहायला. आतापासून तिचं आयुष्य माझ्या पुण्याचं आहे. तिला बाजेवर घ्या, आणि चूल पेटवून पेज करा."

"भुईवर घेतल्यालं परत..." कोंडिबाने सुरुवात केली. नरहर त्याच्याकडे वळला. शाळेत तो पोरांकडे बघे तसंच त्याने बघितलं. "मी पटकीतून परत घेतली होती, कोंडिबा. भुईवरून घेता येत नाही?" कोंडिबाने आधी त्याच्याकडे, मग दारातून आत पाहिलं. तोंडात काहीतरी पुटपुटला आणि हात जोडले. मग एकदम गडबड झाली. बाज आत आली, कोंडाजीने आईला लेकरासारखं उचललं. उचलताना तो ओक्साबोक्शी रडत होता, आणि रडता रडता हसतही होता. चंद्राबाई चुलीशी बसली ती मागे वळूनसुद्धा बघेना. पहिली वाटी आली तेव्हा राजाबाई भरवायला पुढे झाली, तर म्हातारीने वाटी आपल्याच हाताने धरली. ती पेज पिताना सगळं घर तिच्या घशाकडे बघत होतं. नरहरही बघत होता. तिने एकदाही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला वाटलं, एकदा तरी बघावं. ती दुसरी वाटी मागत होती.

तो जायला निघाला तर अंगणात रांग लागलेली. एकेक जण वाकत होता. थोरल्या बायकांनी वाकू नये म्हणून त्याने आधी पाय मागे घेतले, मग घ्यायचं सोडून दिलं. उद्या गारठ्याने किंवा कशानेही ती गेली, तर हेच लोक काय म्हणतील? आणि नाही गेली, दहा वर्षं जगली, तर काय म्हणतील? या दुसऱ्या प्रश्नाचंच भय जास्त होतं. कपाळं, पागोटी, गार बोटं पायांना लागत होती. आत कुठेतरी ते जुनं बरं वाटणं हललं. हललं हे त्याला कळलं, आणि या वेळी त्याने त्याला अडवलं नाही. शेवटी कोंडिबा काठी टेकत आला. वाकता येत नव्हतं, म्हणून त्याने नरहरचा हातच आपल्या कपाळाला लावून घेतला.

"मास्तर," तो हळू आवाजात म्हणाला, दुसऱ्या कुणी ऐकू नये असा, "मला बी जावंसं वाटत न्हाई अजून. माजी येळ आली, आन् ह्यांनी मला भुईवर घेतलं, तर तुमी याल न्हवं?"

नरहरने त्या म्हाताऱ्या तोंडाकडे पाहिलं. दुसरा कुणी बघा, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"येईन," तो म्हणाला.